घरात माणूस असल्यासारखं

मंगळवार, १४ नोव्हेंबर
सकाळ

सौ. 'अगं ऐकलंस का' हीस,

अनेक आशीर्वाद. पाकीट बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, काही बुडालेलं नाही. इकडे सगळं ठीक, तिकडेही ठीक असेलच. नात बोलायला लागली का, पोरीचा खोकला गेला का, जावईबापू अजून जेवताना पेपर वाचतात का, हे सगळं मी रीतसर विचारलं असं समज आणि उत्तरं सवडीने दे.

घरात फोन असताना पत्राचं खूळ कुठून आलं, असं तू म्हणणारच. तर ऐक. परवा रविवारी आपण फोनवर बोललो, तेव्हा तुझ्यामागे त्यांचा टीव्ही चालू होता आणि माझ्यामागे आपला. दोन्हीकडे मालिका एकच. तू विचारलंस, "बरं आहे ना?" आणि तुझ्यामागून ती मोठ्या घरची सून म्हणाली, "मी इथून कधीच जाणार नाही." तेच वाक्य माझ्याही पाठीमागून आलं. मी 'हो' म्हणालो खरा, पण ते तुला म्हणालो की तिला, हे आता माझं मलाच सांगता यायचं नाही. पत्रात निदान मधे कुणी बोलत नाही. लिहायची सवय मात्र गेलीय. बिलावर सही करण्यापलीकडे पेन उचललं नव्हतं किती दिवसांत, त्यामुळे अक्षर लागलं नाही तर जावईबापूंकडून वाचून घे. नको, त्यांच्याकडून नको. हळूहळू तूच लाव.

दुकान चार दिवस बंद ठेवलंय. पाय जरा लचकलाय. विशेष काही नाही.

गल्लीची खबर सांगतो. न्हाव्याने दुकानात रंगीत सेट घेतला. घेतला माझ्याकडूनच, पण मीच त्याला आधी म्हटलं होतं, "अरे बाबा, तुझ्या दुकानात लोक केस कापायला येतात की तुझी बडबड ऐकायला? बडबडणारा दुसरा आणून बसवलास तर तुला कोण विचारणार?" तर म्हणतो, "मालक, लोक हल्ली सगळ्या बातम्या घरून ऐकूनच येतात. मी काही सांगायला गेलो की म्हणतात, हे शिळं झालं." बिचाऱ्याचं तोंडच बंद पडलंय. आता कात्री इकडे आणि डोळे तिकडे. गेल्या आठवड्यात निवृत्त पोस्टमनच्या कानाला कात्री लावली. पोस्टमनही तिकडेच बघत होता, त्यामुळे त्याला रक्त आलेलं जाहिराती लागल्यावर कळलं.

शिंप्याकडे बायका कापड घेऊन येतात आणि म्हणतात, त्या धाकट्या जावेच्या ब्लाउजसारखा गळा करा. शिंपी म्हणतो, "कुणाची जाऊ?" त्या म्हणतात, "अहो, सोमवारची." त्यामुळे म्हातारा आता धंद्यासाठी मालिका बघतो. त्याची सून मात्र टीव्हीने सुधारली असं मी म्हणेन. पूर्वी दाराआडून बोलायची, आता सासऱ्यासमोर खुर्चीत बसून सांगते, "मला वाटतं, मशीन खिडकीपाशी घ्यावं." आणि मशीन खिडकीपाशी आलं. तेव्हा मी टीव्हीला नावं ठेवायला बसलोय असं समजू नकोस. ज्याच्या जिवावर घर बांधलं, त्याला नावं कशी ठेवू?

गेल्या महिन्यात मास्तरीणबाईंच्या आई गेल्या. झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. संध्याकाळी सगळी गल्ली भेटायला गेली. मी कोपऱ्यात बसून होतो. सगळे डोळे पुसत होते, आठवणी काढत होते, आणि नऊ वाजायला आले तशी चुळबुळ सुरू झाली. कुणाला औषध घ्यायचं होतं, कुणाच्या घरी पाहुणे यायचे होते. बघता बघता खोली रिकामी. मास्तरीणबाई शहाण्या. त्या मला म्हणाल्या, "तुम्ही पण जा हो, तुमची मालिका चुकेल." मी म्हटलं, "मी नाही बघत ती." त्या म्हणाल्या, "मग काय बोलता येईल आपल्याला?" गावभर बोलून सेट विकले मी, पण एका बाईची आई गेली तर तिच्याशी काय बोलावं, हे काही सुचेना. मग त्यांनीच उठून टीव्ही लावला, आवाज बंद करून. आम्ही नुसती चित्रं बघितली आणि मी घरी आलो.

येताना गल्लीतून चालत होतो. दुतर्फा खिडक्यांतून एकच माणूस एकाच बाईला रागवत होता. मी एकेक घर ओलांडत होतो, आणि त्याचं रागावणं माझ्याबरोबर चालत होतं. दाराशी पोचेपर्यंत त्याने तिला घराबाहेर काढलं. एक शब्द चुकला नाही माझा.

आपला पहिला सेट आठवतो? तो खोका मी हातगाडीवरून आणला, आणि तू म्हणालीस, "एवढं मोठं कपाट कशाला?" मग रोज संध्याकाळी आपल्या मधल्या खोलीत अख्खी गल्ली. बाहेर चपलांचा ढीग, आणि जाताना ज्याला जो जोड मिळेल तो त्याचा. शिंप्याची आई पुढे बसायची. बातम्या देणारा नमस्कार म्हणाला की ही पण नमस्कार म्हणायची, आणि त्याने निरोप घेतल्याशिवाय उठायची नाही. "समोरच्याचं बोलणं पुरं झाल्याशिवाय उठलं तर त्याला काय वाटेल?" म्हणायची. सगळे हसायचे. तू हसायची नाहीस. तू तिला पाणी नेऊन द्यायचीस. बायका आधी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या, मग दाराच्या आत आल्या, मग भिंतीशी बसल्या, आणि एक दिवस बघतो तर पुढच्या रांगेत पुरुषांना जागा नाही.

तेव्हा मी एकच हिशेब करत होतो, की इतकी माणसं माझ्या घरी बघायला येतात, म्हणजे इतक्या घरांत सेट जाऊ शकतो. आणि गेला. पहिला भिंतीपलीकडच्या काकूंकडे, मग पोस्टमनकडे, मग सगळीकडे. एकेक सेट विकला की आपल्या खोलीतलं एकेक घर कमी व्हायचं. तू एकदा म्हणालीस, "चांगली भरलेली खोली तुम्ही एकेक करून विकलीत." मी ते वाक्य गिऱ्हाइकांना विनोद म्हणून सांगायचो. सगळ्यांना आवडायचं.

बाकी ठीक. डॉक्टरांची माणसं येणार आहेत पाय बघायला. राहिलेलं उद्या लिहितो.

बुधवार

कालचं वाचून बघितलं. इकडचं तिकडचं बरंच लिहिलंय. तू वाचताना म्हणशील, यांना काहीतरी सांगायचंय आणि हे गल्लीला प्रदक्षिणा घालतायत. मला घालू दे, अजून थोडं चालायचंय. चालायचंय म्हणजे, लिहिताना.

लचकलेला नाही पाय. मोडलाय. नडगीचं हाड. गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे. रविवारी तू 'बरं आहे ना' विचारलंस, तेव्हा मी तो स्टुलावर ठेवूनच 'हो' म्हणालो होतो. आता रागावशील ती रागाव, पण कागद फाडू नकोस, पुढे आहे अजून.

झालं ते असं. तू गेल्यापासून चहा मीच करतो. स्वयंपाकघरात गेलं की मधल्या खोलीतले संवाद नीट ऐकू येत नाहीत. आपण कारागीर माणूस, त्यामुळे म्हटलं, ओट्याच्या वर एक जादा स्पीकर लावून टाकू. स्टुलावर चढलो, स्पीकर भिंतीला लावला, वायर जोडली, आणि चाचणी म्हणून आवाज पूर्ण सोडला. इतका खणखणीत आला की मी खूश झालो. खाली उतरताना स्टूल एकीकडे गेलं आणि मी दुसरीकडे.

दुपारची वेळ. पाय उचलता येईना. वर भिंतीवर माझा स्पीकर, हात पोचायचा प्रश्नच नाही. मी ओरडलो. "कुणी आहे का, या रे कुणीतरी, पडलोय मी." किती ओरडलो असेन, विचारू नकोस. आणि माझ्या डोक्यावर ती मोठ्या घरची सासू माझ्यापेक्षा जोरात ओरडत होती, कारण तिलाही कुणीतरी जिन्यावरून ढकललं होतं. दोघं मिळून ओरडलो आम्ही. तिच्याकडे सगळं घर धावत आलं.

भिंतीपलीकडे काकू होत्या. मला त्यांच्या बांगड्यांचा आवाज येत होता, इतक्या जवळ. माझे कान तुला माहीत आहेत. सेट दुकानात आणायच्या आधी, रस्त्यातूनच नुसती गुणगुण ऐकून मी सांगतो कुठला भाग गेलाय. तर मला काकूंच्या बांगड्या ऐकू येत होत्या, आणि काकूंना मी ऐकू येत नव्हतो. म्हणजे येत होतो. नंतर त्या स्वतःच म्हणाल्या, "मी ऐकलं हो, कुणीतरी वाचवा वाचवा करत होतं. मला वाटलं, आज तुमच्याकडे दुसरं चॅनल आहे."

त्यांना काय बोल लावू? या गल्लीत सेट विकताना मीच प्रत्येकाला सांगत आलो, की घर रिकामं असलं तरी चालू ठेवून जा, चोराला कळत नाही, घरात माणूस असल्यासारखं वाटतं. किती सेट या एका वाक्यावर विकले. आणि सगळ्यांनी ऐकलंही माझं. आता कुठल्या घरात माणूस आहे आणि कुठल्या घरात नुसता आवाज आहे, हे चोरालाच काय, शेजाऱ्यालाही कळत नाही. आपण हुशार म्हणून सांगायला गेलो, आणि ते लोकांनी इतकं मनावर घेतलं.

मग ओरडायचं सोडलं मी. घसा बसला होता. फरशीवर पडून वरचं ऐकत राहिलो. एक मालिका संपली, दुसरी लागली. सगळ्या जाहिराती पाठ झाल्या. आणि तिथे, त्या ओट्याखाली, तुझं वाक्य आठवलं. पोरीच्या बाळंतपणाला निघताना तू पिशवी भरत होतीस आणि म्हणाली होतीस, "तुमच्याशी दोन शब्द बोलायचे तर जाहिरातींची वाट बघावी लागते." मी म्हणालो होतो, "मग बोल ना, आता जाहिरातीच चालल्यात." आणि हसलो होतो. तू पिशवीची चेन लावलीस. बाळंतपण होऊन नात चालायला लागली तरी तू परत आली नाहीस, आणि मी कधी विचारलं नाही. मी समजत होतो, नातीमुळे.

पूर्वी काम करताना तू गुणगुणायचीस. कुठलं गाणं ते मला कधीच ओळखता आलं नाही, कारण तू दोन ओळींत तीन गाणी मिसळायचीस. ते कधी बंद पडलं? बिघडलेला सेट रस्त्यातून ओळखणारा मी, हे मला सांगता येत नाही. पडल्या पडल्या खूप आठवायचा प्रयत्न केला.

अंधारायला लागलं आणि वीज गेली.

माझा स्पीकर गप्प. मधली खोली गप्प. पलीकडे काकूंचं घर, पोस्टमनचं, समोरचं, अख्खी गल्ली एका क्षणात गप्प. अगं, आपली गल्ली इतकी शांत असते? नळ ठिबकत होता, तो ऐकला. शिंप्याच्या घरात कुणीतरी मेणबत्ती शोधत होतं आणि सून म्हणत होती, "उजवीकडच्या खणात." मास्तरीणबाई खोकत होत्या. सगळी माणसं आपापल्या घरात होती. इतका वेळ सगळी होती.

तेव्हा हाक मारायची खरी संधी होती. 'वाचवा' म्हणायला तोंड उघडलं. आणि तोंडातून काय आलं, ते मी तुला सांगणार नव्हतो. पण काकू फोन करणारच आहेत तुला, आणि त्या तिखटमीठ लावून सांगतील, त्यापेक्षा मीच सांगतो. मी ओरडलो, "अगं, ऐकलंस का?"

सवयीने. दुकानातून स्वयंपाकघरात जायची, चहासाठी, चष्म्यासाठी, कशासाठीही, तीच हाक. आता स्वयंपाकघरात मीच पडलो होतो, आणि हाक कुठे जात होती कुणास ठाऊक. दोनदा मारली म्हणे. मला एकदाच आठवते.

काकू म्हणतात, "वाचवा ऐकलं तेव्हा मी जागची हलले नाही. पण ही हाक ऐकली आणि उठलेच. म्हटलं, ही काही टीव्हीतली नाही, ही आपल्या भिंतीतली आहे. वहिनी तर इथे नाहीत, मग हे हाक कुणाला मारतायत? म्हणजे एकतर यांचं डोकं फिरलंय नाहीतर हे पडलेत." मग त्या ओरडल्या, शिंपी धावला, मागच्या खिडकीतून कात्री आत घालून त्याने कडी काढली. अंधारात चार मेणबत्त्या, आणि ओट्याभोवती अख्खी गल्ली. न्हावी, पोस्टमन, मास्तरीणबाई सगळे. मला उचलून मधल्या खोलीत आणलं. वीज नव्हती म्हणून कुणाला घरी जायची घाई नव्हती. बसले सगळे. शिंप्याच्या सुनेने चहा केला. बाहेर चपलांचा ढीग पडला असणार. मला पाय ठणकत असताना बरं वाटत होतं, हे डॉक्टरांना सांगितलं नाही.

मग वीज आली. स्वयंपाकघरातला तो स्पीकर एकदम ओरडला, सगळे दचकले, हसले, आणि मला दवाखान्यात नेण्यासाठी गाडी बघायला न्हावी गेला. बाकीचे हळूहळू उठले.

एवढं झालं. आता जे मुख्य आहे ते.

रविवारी तुझ्यानंतर पोरीने फोन घेतला. म्हणाली, "बाबा, आम्ही मोठं घर बघतोय. आईसाठी एक खोली धरायची का? महिनाअखेर सांगायचंय." मी म्हणालो, "तिलाच विचार. तिला बरं वाटेल ते." तेव्हा मागे कुणीतरी भांडी घासत होतं. तो आवाज थांबला. मालिका चालू होती, पोरगी बोलत होती, पण भांड्यांचा आवाज थांबलेला मी ऐकला. तू माझं पुढचं वाक्य ऐकायला थांबली होतीस. मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने भांडी पुन्हा वाजायला लागली.

बोललो नाही, कारण पाय मोडल्याचं सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन दारात उभी राहिली असतीस. मला ठाऊक आहेस तू. माझ्या पायासाठी आली असतीस, पथ्यपाणी केलं असतंस, आणि पाय बरा झाल्यावर आपण दोघं पुन्हा जाहिरातींची वाट बघत बसलो असतो. तसं नकोय मला.

तेव्हा नीट वाच. पायासाठी येऊ नकोस. काकू जेवण पाठवतात, शिंप्याची सून सकाळी बघून जाते, न्हावी घरी येऊन दाढी करून जातो आणि इथे त्याची बडबड चालू असते, कारण ऐकायला मी एकटाच आहे आणि मला पळता येत नाही. माझं चाललंय.

पोरीला काय सांगायचं ते तूच सांग. तिथे तुला बरं वाटतं का, हेही मी इतक्या दिवसांत विचारलेलं नाही, तर आता विचारतो. वाटत असेल तर तसं लिही, मी पुरुषासारखा सहन करीन, म्हणजे चार दिवस कुणाशी बोलणार नाही. पण माझं मत विचारशील, तर ती खोली धरू नये असं मला वाटतं. हे एवढं वाक्य रविवारी बोलायचं होतं.

टीव्ही काढून टाकला असं खोटं लिहिणार नाही. आहे तिथेच आहे. बातम्या बघतो, संध्याकाळी एखादी मालिकाही बघतो, सुटत नाही. स्वयंपाकघरातला स्पीकर तेवढा शिंप्याकडून काढून घेतला. आणि काल तो आलाच होता, तर त्याला म्हटलं, त्या दोन खुर्च्या जरा फिरव. आपल्या दोन्ही खुर्च्या कधीपासून टीव्हीकडे तोंड करून होत्या, आठवतं का? फरशीवर पायांचे खड्डे पडलेत. शिंप्याने त्या एकमेकींसमोर ठेवल्या आणि विचारलं, "अशा?" मी म्हटलं, "अशा." आता त्यातल्या एका खुर्चीत बसून लिहितोय. समोर तुझी आहे. थोडं अवघडल्यासारखं होतं. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही, आधीच सांगून ठेवतो. तू सुरू केलंस तर चालेल. गुणगुणलीस तरी चालेल.

प्लास्टर निघून मी आपला आपण फाटकापर्यंत चालायला लागलो की न्हाव्याकडून तसं कळवीन. त्यानंतर ये. म्हणजे तू पायासाठी आली नाहीस, हे तुलाही कळेल आणि मलाही.

नातीला पापा. पोरीला आशीर्वाद. काकूंचा फोन आला तर सगळं पहिल्यांदाच ऐकतेयस असं दाखव, त्यांना बरं वाटेल.

समोरची खुर्ची पुसून बसलेला,

तुझा
अहो